नाईकांच्या वाड्याची कादंबरी कुठंय? मालिकावाले आणि मराठी प्रकाशक, दोघांनाही खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

पत्र दोघांना आहे. एक म्हणजे 'रात्रीस खेळ चाले' ही कोकणातल्या नाईक घराण्याची भुताखेतांची टीव्ही मालिका ज्यांनी लिहिली, बनवली, दाखवली ते सगळे, आणि दुसरे आपले मराठी प्रकाशक, जे दर पुस्तक प्रदर्शनात म्हणतात की नवीन पोरं मराठी वाचत नाहीत हो. तुम्ही एकमेकांना ओळखत नसाल असं काही नाही, पण या एका विषयावर दोघं समोरासमोर बसलेले दिसत नाही म्हणून मध्ये मीच तोंड घालतेय.

विषय साधा आहे. अण्णा नाईकांच्या घराण्याची कादंबरी पाहिजे. एपिसोड गद्यात उतरवून काढलेलं पुस्तक नको, मध्ये आठ पानं रंगीत फोटो घातलेलं कॉफी टेबल बुक तर नकोच नको. मालिकेत जे झालं त्याच्या आधीचं पाहिजे, म्हणजे वाडा कोणी बांधला, एवढी जमीन आली कुठून, अण्णांची बायको माई त्या घरात लग्न होऊन आली तेव्हा काय बघितलं तिनं, अण्णांची 'दुसरी बाई' शेवंता पाटणकरांच्या घरात येण्याआधी कोणाची कोण होती. धड चारशे पानांची कादंबरी. विकत घेऊन वाचू, मागून नाही वाचणार, शब्द देते.

आता हे मनात का आलं ते सांगते. २०१६ च्या फेब्रुवारीत पहिला सीझन सुरू झाला तेव्हा अण्णा सुरुवातीलाच गेलेले, आपल्याला ते दिसले फोटोत आणि लोकांच्या बोलण्यात, मुलगे माधव, दत्ता, अभिराम, मुलगी छाया, सुना, सगळे एका घरात अडकलेत आणि जो तो एक तुकडा सांगतोय की माणूस कसा होता. मग २०१९ च्या जानेवारीत तुम्ही दुसरा सीझन आणलात तो सरळ मागे गेला, अण्णा जिवंत, तरणेबांड म्हणता येणार नाही पण अंगात रग असलेले, माधव अभ्यंकरांनी तो माणूस असा काही उभा केला की टीव्हीसमोर बसलेल्या बायका शिव्या पण घालायच्या आणि साडेदहाला हातातलं काम टाकून यायच्या पण. नंतर २०२१ ला तिसरा सीझन. लोकांना आज सगळ्यात जास्त आठवतो तो कुठला? दुसरा. म्हणजे तुमच्याच मालिकेनं दाखवून दिलं की प्रेक्षकाला पुढे काय होणार यापेक्षा आधी काय झालं होतं यात जास्त जीव असतो. सिरियलमध्ये मागे गेलात ते अण्णांपर्यंत. त्यांच्या मागचे नाईक उडत उडत आले आणि गेले. तिथंच तर खरी गोष्ट आहे ना.

काही लोक म्हणतील सिरियलवरून कादंबरी म्हणजे उतरती कळा, आधी कादंबरी असते मग सिरियल होते, हा उलटा धंदा कशाला. बरोबर आहे, आपल्याकडे कादंबरीवरून मालिका भरपूर झाल्या, उलट्या दिशेनं कोण फारसं गेलं नाही. पण बाहेर गेलेत आणि काही वेळा फार भारी गेलेत. एक उदाहरण तर आपल्या मालिकेशी इतकं जुळतं की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसायलाच आलं.

अमेरिकेत एबीसी चॅनलवर १९६६ ते १९७१ 'डार्क शॅडोज' नावाची सिरियल लागायची. आठवड्याला पाच दिवस, दुपारी, अर्धा तास, एकूण १२२५ एपिसोड. म्हणजे आपल्यासारखीच डेली सोप, फक्त भुताखेतांची. मेन राज्यातल्या समुद्राकाठच्या गावात कॉलिन्स नावाचं श्रीमंत घराणं, त्यांचा मोठा वाडा, घरात जुनी पापं. डॅन कर्टिस निर्माता. सुरुवातीला काही खास चालेना, मग १९६७ मध्ये बार्नबस कॉलिन्स म्हणून एक व्हॅम्पायर पूर्वज पेटीतून बाहेर काढला, थोडे दिवस ठेवायचा आणि मारायचा असा बेत होता म्हणे, पण लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत राहिला. हे ऐकून कोणाची आठवण येते सांगायला नको. पुढे ऐका. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी अख्खी सिरियल उचलून १७९५ सालात नेली, तेच नट-नट्या आपल्याच पूर्वजांच्या भूमिकेत, आणि तीनचार महिने प्रेक्षकांना दाखवलं की हा बार्नबस असा झाला कसा. प्रीक्वेल सीझन! १९६७ मध्ये!

आणि पुस्तकं? सिरियल चालू असतानाच निघत होती. मॅरिलिन रॉस या नावानं तीसेक कादंबऱ्या आल्या, लिहिणारा होता कॅनडातला डॅन रॉस, नाव लावायचा बायकोचं. स्वस्तातली छोटी पेपरबॅकं, सिरियलशी त्यांचा मेळ असा फारसा नाहीच, घर तेच, बार्नबस तोच, बाकी रॉससाहेबांचं आपलं वेगळंच चाललेलं. खपली मात्र. आपल्याकडं कोणी असं पुस्तक काढलं तर ते याच जातीचं निघेल अशी मला भीती आहे, म्हणून पुढचं सांगते.

सिरियलमध्ये अँजेलिक नावाची चेटकीण होती. जोसेट या मालकिणीची दासी, बार्नबसवर प्रेम करते, तो लग्न मालकिणीशी ठरवतो, मग ही शाप देते आणि तो व्हॅम्पायर होतो. सिरियलच्या हिशोबात ती खलनायिका, विषय संपला. तिचं काम लारा पार्कर नावाच्या नटीनं केलं. सिरियल बंद झाल्यावर सत्तावीस वर्षांनी, १९९८ मध्ये, याच लारा पार्करनं 'अँजेलिक्स डिसेंट' नावाची कादंबरी लिहिली. बार्नबसच्या हाती अँजेलिकची डायरी लागते आणि त्यातून तिचं लहानपण उलगडतं, मार्टिनिक बेटावरचं, उसाच्या मळ्यांवरचं. मार्टिनिक म्हणजे फ्रेंचांचं साखरेचं बेट, तिथली गुलामगिरी कायमची संपली ती १८४८ मध्ये. म्हणजे अठराव्या शतकात तिथं मालक कोण, दासी कोण, कोणाचं शरीर कोणाच्या मालकीचं हे सगळं ठरलेलं होतं. सिरियलमध्ये हे बेट म्हणजे नुसता एक उल्लेख, बाई लांबून आली आणि जादूटोणा शिकून आली एवढ्यापुरता. कादंबरीत ती अख्खी जागा उभी राहते आणि मग तिचा राग नुसता प्रेमभंगाचा वाटत नाही.

जिनं पडद्यावर तिला वाईट बाई म्हणून रंगवलं तिनंच पुढं कागदावर विचारलं की ही अशी का. नंतर तिनं आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या त्या जगातल्या, शेवटची २०१६ मध्ये, आणि २०२३ मध्ये ती गेली.

आता शेवंताकडे या.

शेवंताचं काय झालं आपल्याकडे? मीम झाले. रील्स झाल्या. साडी, गजरा, ती खिडकीत उभी राहायची ते, अपूर्वा नेमळेकरनं काम चांगलंच केलं यात वाद नाही, पण महाराष्ट्रानं त्या बाईचं जे केलं ते म्हणजे "दुसरी बाई" म्हटल्यावर टाळी द्यायला एक नाव मिळालं. मालिकेत तिचं खरं नाव कुमुदिनी पाटणकर. किती जणांना आठवतंय? कुमुदिनी ही कोणाची तरी मुलगी असेल, तिला शाळेत घातलं असेल किंवा चौथीत काढलं असेल, पाटणकरांशी तिचं लग्न कोणीतरी ठरवलं असेल आणि ठरवताना तिला विचारलं नसेल. तिला अण्णांमध्ये काय दिसलं? पैसा दिसला हे सोपं उत्तर झालं, सिरियलला पुरतं, कादंबरीला पुरत नाही. मला असं वाटतं तिला त्या माणसात भीती न वाटणारा माणूस दिसला असेल, ज्या गावात सगळे कोणाला ना कोणाला घाबरून असतात तिथं हा एकटा कोणाच्या बापाला भीत नाही. ते आकर्षण काय असतं ते बायकांना विचारा. आणि मग कळतं की जो कोणाला भीत नाही त्याला आपणच भ्यायचं असतं. हे सगळं दाखवायला डेली सोपला वेळ नसतो, बावीस मिनिटात एक कट, एक किंचाळी आणि एक क्लोजअप बसवायचा असतो, मी समजू शकते. पण पुस्तकाला कुठं टीआरपी लागतो.

माईचं तर त्याहून. शकुंतला नरेंनी माई केली, किती वर्षं लोकांनी बघितली, पण माई म्हणजे सहन करणारी, देवाचं करणारी, "अरे देवा म्हाराजा" म्हणणारी बाई एवढंच आपल्या डोक्यात बसलं. मला माईचा राग वाचायचाय. नवऱ्याचं सगळं माहीत असताना रात्री त्याचं ताट वाढणारी बाई मनात काय बोलत असेल, ते पण मालवणीत, आणि ते छापता येईल की नाही हा प्रकाशकांनी नंतर बघायचा प्रश्न.

इथं मला 'ट्विन पीक्स' या दुसऱ्या एका सिरियलचं पुस्तक आठवतं, थोडक्यात सांगते. १९९० मध्ये डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्टची ही सिरियल अमेरिकेत गाजत होती, लॉरा पामर नावाच्या मुलीचा खून कोणी केला हा एकच प्रश्न. पहिला सीझन संपला आणि दुसरा सुरू व्हायच्या जरा आधी 'द सीक्रेट डायरी ऑफ लॉरा पामर' बाजारात आलं. लिहिणारी लिंचचीच मुलगी जेनिफर, वय वर्षं २२. बाराव्या वाढदिवसाला मिळालेली डायरी, तिथून मुलगी स्वतःच लिहीत जाते. बॉब नावाचं काहीतरी तिला लहानपणापासून रात्री येऊन छळतंय, आणि मध्ये मध्ये पानं फाडलेली, तिथं नुसतं लिहिलंय की पान फाडलेलं आहे. पुढे सिरियलमध्ये कळलं की बॉब तिच्या बापात शिरला होता. म्हणजे भूत बाहेरचं नव्हतंच, घरात जेवायला बसत होतं. पुस्तक बेस्टसेलर झालं आणि जे वाचलं ते वाचून लोकांच्या पोटात गोळा आला, कारण सिरियलभर जी फक्त मेलेली मुलगी होती ती इथं पहिल्यांदा स्वतः बोलली.

आपल्या मालिकेत असं गप्प राहिलेलं कोण कोण आहे मोजा. सुषमा आहे, अण्णा आणि शेवंताची मुलगी, तिचं लहानपण. छाया आहे. आणि वच्छी! वच्छीचे शिव्याशाप आपण हसत हसत ऐकले, तिचं बोलणं फॉरवर्ड केलं, पण कोकणात दारात उभं राहून तळतळाट देणारी बाई हसण्याची गोष्ट नसते, लोक खिडक्या लावून घेतात.

आता जमिनीचं बोलू, कारण ही माझ्या मते या कादंबरीची खरी भुताटकी आहे.

हिशोब करा. २०१६ मध्ये अण्णा म्हातारे होऊन गेले, म्हणजे जन्म धरा १९४० च्या मागेपुढे. म्हणजे त्यांचा बाप कर्ता पुरुष असेल तो नेमका त्या काळात जेव्हा कोकणात जमिनीची सगळी उलथापालथ झाली. खोतीविरुद्ध, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या वतनदारीविरुद्ध, बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबई विधिमंडळात बिल मांडलं होतं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत गेले, मग १९४९ चा खोती नष्ट करायचा कायदा. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन. त्याच वर्षीचा कुळकायदा आणि मग १ एप्रिल १९५७, कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारा तो मालक. कागदावर. प्रत्यक्षात काय झालं हे कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा, दोन उत्तरं मिळतील, एक ज्यांची जमीन गेली त्यांचं आणि एक ज्यांना मिळाली त्यांचं, आणि तिसरं उत्तर कोणीच देत नाही, ज्यांना मिळायला हवी होती पण कुळ म्हणून नावच लागू दिलं नाही त्यांचं. कोणाला रातोरात मांगरातून हाकललं, कोणाचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला, कोणाला सांगितलं की तुझं नाव लागलंय आणि तलाठ्याकडे बघायला गेला तर काहीच नाही.

आता मला सांगा, अण्णा नाईक आकाशातून पडले काय? लोकांच्या जमिनी लाटणारा माणूस हे बघूनच मोठा होतो ना. बापानं १९५७ च्या आधी काय काय केलं ते त्या पोरानं पडवीत बसून बघितलं असणार. एक प्रकरण याचंच करा, सतरा वर्षांचा हरी नाईक, म्हणजे आपले अण्णा, आणि घरी रात्री कोणीतरी कुळ पाया पडायला आलंय. तिथं भूत आणायची पण गरज नाही.

आणि सातबारा! कोकणातला सामायिक सातबारा वाचलाय का कधी, चाळीस-पन्नास नावं, त्यातले अर्धे मयत, वारस नोंद नाही, दोन जण मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत, एका आत्येचं नाव आहे आणि ती आत्ये कोण ते आता कोणालाच माहीत नाही. मेलेल्या माणसांची सही लागते म्हणून काम अडलंय, यापेक्षा भुताची गोष्ट वेगळी काय असते? बहिणींची हक्कसोडपत्रं घ्यायची, रक्षाबंधन झाल्यावर ओवाळणी देऊन. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा देणारा बदल १९९४ मध्ये आला, आणि त्यानंतर किती माहेरं बहिणींना बंद झाली याची गोष्ट अजून लिहून व्हायचीय. छाया त्या घरात का राहिली, तिला कोणी काय सही करायला लावलं, हे त्या कादंबरीत यायला पाहिजे.

तुम्ही म्हणाल ही हॉरर आहे की महसूल खात्याचं परिपत्रक. मंडळी, कोकणात दोन्ही एकच आहे. राखणदार कशाची राखण करतो? जागेची. देवचार कुठं फिरतो? हद्दीवर. गाऱ्हाणं घालताना मूळपुरुषाला हाक मारतात, जमलेले "व्हय म्हाराजा" म्हणतात, ते काय मागतात, तर या जागेत राहणाऱ्या लेकराबाळांना सांभाळ. कौल लावतात त्यात निम्मे प्रश्न जमिनीचे नाहीतर घरातल्या भांडणाचे. भूत आणि गडगा, म्हणजे हद्दीवरची दगडांची भिंत, यांचं नातं तुटत नाही. श्री. ना. पेंडशांनी 'तुंबाडचे खोत' दोन खंडांत लिहून घराणं कसं चढतं आणि कसं कुजतं ते दाखवलंच आहे, खानोलकरांनी त्या मातीतला काळोख दाखवला, म्हणजे वाट नवीन नाही, मळलेली आहे, फक्त त्या वाटेनं मालिकेचा प्रेक्षक कधी गेला नाही. त्याला अण्णांचं बोट धरून नेता येईल. हा एवढा मोठा वाचक तुम्हाला आयता मिळतोय हो प्रकाशक मंडळी, आकेरीतला तो वाडा बघायला लोक गाड्या करून सिंधुदुर्गात गेलेत, ते दुकानात जाणार नाहीत का?

एक धोका मात्र आहे आणि तो पण बाहेरच्यांच्या अनुभवावरून सांगते. 'सुपरनॅचरल' सिरियल २००५ ते २०२० अशी पंधरा सीझन चालली, दोन भाऊ आणि त्यांचा भूतं मारणारा बाप जॉन विंचेस्टर. त्या बापाची डायरी सिरियलमध्ये कायम दिसायची, म्हणून २००९ मध्ये 'जॉन विंचेस्टर्स जर्नल' हे पुस्तक काढलं, अ‍ॅलेक्स अर्व्हाइननं लिहिलं. कल्पना झकास, बायको आगीत गेली १९८३ मध्ये, दोन लहान पोरं घेऊन हा माणूस वेडापिसा होऊन मोटेलं बदलत फिरतो, पोरांना एकटं टाकतो, आणि हे त्याच्याच शब्दांत. पण सिरियल थांबेना. २०१३ मध्ये त्यांनी जॉनचा बाप, म्हणजे पोरांचा आजोबा, १९५८ सालातून थेट समोर आणून उभा केला, त्याची एक गुप्त मंडळी, सगळं नवीनच. चार वर्षं आधी छापलेल्या पुस्तकात हे असणं शक्य होतं का? मग घराण्याचा इतिहास पुस्तकातला खरा की पडद्यावरचा यावर फॅन लोक भांडत बसले. ट्विन पीक्सवाल्यांचं पण झालं, मार्क फ्रॉस्टनं २०१६ मध्ये 'द सीक्रेट हिस्ट्री ऑफ ट्विन पीक्स' लिहिलं, त्यात नॉर्मा या पात्राची आई सिरियलमधल्या आईशी जुळेना, लोकांनी धरून ठेवलं, पुढच्या वर्षीच्या पुस्तकात ती सावत्र आई होती असं करून निस्तरलं. स्वतःच सिरियल बनवणारा माणूस, त्याची ही गत.

आपला फायदा असा की सीझन तीन येऊन गेलेत, सगळं समोर आहे. आता आधी एक माणूस बसवा जो तिन्ही सीझन बघून वंशावळ काढेल, कोण कधी जन्मलं, कोण कधी मेलं, कोणाचं लग्न कधी, आणि जिथं सीझन एक आणि दोन एकमेकांशी पटत नाहीत तिथं काय धरायचं ते ठरवून टाकेल. पटत नाहीत अशा जागा आहेत, तुम्हाला माहीत आहे, आम्हाला पण माहीत आहे. आणि कादंबरीत त्या जागा लपवू नका उलट वापरा, घरात एकच प्रसंग माई वेगळा सांगते, नाथा वेगळा, वाड्यावरचा गडी पांडू तर तिसराच, आणि मग पांडूला विचारावं तर "इसारलंय".

पांडूवरून आठवलं, लिहिणार कोण हा प्रश्न निघेलच. मला वाटतं उत्तर तुमच्या घरातच आहे. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेचे लेखक पण आहेत. तिकडं चेटकीण झालेल्या बाईनं चेटकिणीची कादंबरी लिहिली, इकडं सगळं विसरणारा पांडू सगळं माहीत असणारा लेखक आहे. मी काय त्यांच्या वतीनं होकार देऊ शकत नाही, त्यांना इच्छा नसेल तर कोणीतरी दुसरं, पण जो लिहील त्याला मालवणी कानानं येत असली पाहिजे, पुण्यात बसून प्रत्येक वाक्याला "गो" आणि "रे" चिकटवलं की मालवणी झाली असं होत नाही. आणि लेखकाचं नाव मुखपृष्ठावर मोठं छापा. मालिकेचं नाव मोठं, फोटो मोठा आणि लेखक आतल्या पानावर बारीक टायपात असं नको, रॉससाहेबांनी बायकोचं नाव लावलं तो त्यांचा घरगुती मामला होता.

अंधश्रद्धेचा मुद्दा काढतील, पहिल्या सीझनपासून निघतोय, आणि निघालाच पाहिजे, दाभोलकरांचा खून झाला त्या २०१३ सालातच जादूटोणाविरोधी कायदा झाला हे ज्या राज्यात घडलं तिथं भूत विकताना जबाबदारी येते. पण मालिकेत पण नीलिमासारखं विज्ञान मानणारं पात्र होतंच. माझं म्हणणं एवढंच आहे की कादंबरीत भूत खरं की खोटं याचा निकाल लावू नका. कोणाच्या घरात भूत दिसतंय आणि का दिसतंय, दिसल्यामुळं कोणाचा फायदा होतोय, कोणत्या जागेत कोणी जाऊ नये म्हणून ती जागा झपाटलेली ठरवली, हे लिहा. भगत कोणाचे पैसे खातोय ते लिहा. आणि एक-दोन गोष्टी अशा राहू द्या की ज्याचं उत्तर नीलिमाकडे पण नाही. सगळंच समजावून सांगितलं तर वाचून झाल्यावर दिवा लावून झोपायची मजा जाते.

बाकी व्यवहाराचं तुमचं तुम्हाला कळतं, मी काय सांगणार. पण ऑडिओबुक कराच, मराठीत ऑडिओ ऐकणारे आता बरेच झालेत, आणि मालवणी ही वाचण्यापेक्षा ऐकायची भाषा आहे, मुंबईतला चाकरमानी लोकलमध्ये कानात घालून ऐकेल आणि डोंबिवलीला उतरायचं विसरेल. दुबई आणि अमेरिकेत बसलेले आमचे नातेवाईक तर नक्की ऐकतील, गणपतीला यायला मिळत नाही त्याचं दुःख कुठंतरी काढायचं असतं.

चारशे पानांची एकदम हिंमत नसेल होत तर एक करा. येत्या दिवाळी अंकात एक प्रकरण द्या. माईचं द्या, लग्न होऊन ती पहिल्यांदा त्या वाड्याच्या खळ्यात पाय ठेवते ते. अंक किती खपतो बघा, लोक काय म्हणतात बघा आणि मग पुढचं ठरवा. मुखपृष्ठावर शेवंताचा फोटो टाकणारच तुम्ही, मला माहितीये, टाका, विकायचंय तुम्हाला. आतल्या पानांवर तिला कुमुदिनी म्हणून सुरुवात करू द्या म्हणजे झालं.

उत्तराची वाट बघतेय. दोघांपैकी कोणीही दिलं तरी चालेल.

तुमचीच,
तिन्ही सीझन बघितलेली आणि कुळकायद्याच्या केसा ऐकत मोठी झालेली एक सिंधुदुर्गवाली